२००८चा माणूस

मुंबई, ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई आणि पुणे या पट्ट्यात आढळणाऱ्या मध्यमवयीन मराठी पुरुषांमध्ये एक लहान परंतु बोलका वर्ग असा आहे, की ज्याच्या आयुष्याची कालगणना जन्म, नोकरी, विवाह आणि गृहकर्ज या सर्वमान्य टप्प्यांवरून न होता १ फेब्रुवारी २००८ या एकाच तारखेवरून होते. त्या संध्याकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातील, म्हणजे बीकेसीतील, मैदानावर आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम झाला आणि या वर्गातील प्रत्येक सदस्य तेथे हजर होता, निदान तसे त्याचे म्हणणे असते. आयर्न मेडन हा १९७५ साली पूर्व लंडनमध्ये बेस गिटारवादक स्टीव्ह हॅरिस याने स्थापन केलेला बँड हेवी मेटल या प्रकारात मोडतो. हेवी मेटल म्हणजे रॉक संगीताची ती शाखा, जिच्यात विद्युत गिटारींचा आवाज मुद्दाम खरखरीत करून वाढवलेला असतो, ड्रमची गती डॉक्टरांनी जपून राहण्यास सांगितलेल्या माणसाच्या नाडीशी विसंगत असते आणि गाण्यांचे विषय बहुधा युद्ध, मृत्यू, इतिहास किंवा नरक यांच्यापलीकडे जात नाहीत. हे संगीत प्राणपणाने जपणारा गृहस्थ प्रत्यक्षात बँकेत, विमा कंपनीत अथवा संगणक क्षेत्रात अधिकारपदावर असतो, पाणी उकळून पितो, सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या प्रश्नावर मुद्देसूद बोलतो आणि नरकाशी त्याचा संबंध सकाळच्या ठाणे लोकलपुरता मर्यादित असतो. प्रस्तुत लेखात त्याला ‘२००८चा माणूस’ असे म्हटले आहे.

या माणसाची ओळख त्याने स्वतःच करून देण्याची पद्धत आहे. संभाषण कोणत्याही विषयावर सुरू झालेले असो, ते त्या संध्याकाळपर्यंत आणून पोचवण्याचे त्याचे कौशल्य वादातीत असते. विमानप्रवासाचा विषय निघाला तर काम विशेष सोपे होते, कारण आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक असून त्या वर्षीच्या जागतिक दौऱ्यात वादक, कर्मचारी आणि सामान यांना एकत्र घेऊन जाणारे बोइंग ७५७ विमान तो स्वतः चालवत असे, आणि त्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत झाला. गायकाने स्वतः विमान चालवत आपल्या गावी गायला येणे ही घटना २००८च्या माणसाला वैयक्तिक भेटीसारखी वाटते, आणि ती सांगताना त्याच्या स्वरात जो सूक्ष्म अभिमान उतरतो त्यावरून विमानतळावर घ्यायला तोच गेला होता की काय अशी शंका ऐकणाऱ्याला येते. त्या मैदानावर उपस्थित असल्याचे सांगणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे हे खरे. परंतु पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील काही गाजलेल्या पहाटांच्या बाबतीतही असेच झालेले आहे, त्यामुळे हा दोष केवळ रॉकच्या माथी मारता येणार नाही.

सवाईचा उल्लेख येथे ओघाने आलेला नाही. २००८च्या माणसाला स्वतःची उत्पत्ती लंडनच्या ईस्ट एंडमध्ये झाली असे वाटत असले, तरी त्याचे कुळ शोधू गेल्यास ते सरळ सवाईच्या रमणबागेतल्या सतरंजीवर जाऊन पोचते. भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या या महोत्सवात रात्र-रात्र बसणारा, शाल गुंडाळलेला, थर्मासमधला चहा शेजाऱ्याला न विचारता पिणारा आणि तानेच्या मध्येच मागे वळून ‘हे काहीच नाही, त्या साली ऐकायला हवं होतं’ असे सांगणारा जो जाणकार, तो त्याचा साक्षात किंवा मानलेला पिता होय. आणि त्या जाणकाराच्या मागे बालगंधर्वांच्या नाटकाला वन्स मोअर देत पहाट करणारा आजा उभा आहे. तिन्ही पिढ्यांनी एकमेकांच्या संगीताला गोंगाट, रडगाणे किंवा थिल्लरपणा म्हटले, एकमेकांचे ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर बंद केले, पण रसिकतेचे मूळ तत्त्व कोणीही सोडले नाही. ते तत्त्व असे, की उत्तम मैफल ही नेहमी होऊन गेलेली असते, तिला आपण होतो आणि समोरचा नव्हता. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण सर्वच हजर असतील तर हजेरीला किंमत राहत नाही. म्हणून २००८च्या माणसाला संगीताइतकीच एका गैरहजर श्रोत्याची गरज असते आणि लग्नानंतर काही वर्षे ही गरज पत्नी भागवते.

त्याच्याही वर एक वरिष्ठ श्रेणी आहे याचा मात्र त्याला विसर पडू दिला जात नाही. धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८०च्या मार्चमध्ये पोलीस हा बँड ऐकलेले, अथवा १९८६ पासून तेथे भरू लागलेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवात देशी बँडांसमोर माना हलवलेले जे साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत, त्यांच्यासमोर २००८चा माणूस एकदम नवशिका ठरतो. आसपासची रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांमुळे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. त्यामुळे रंगभवनवाल्यांच्या आठवणी पडताळून पाहण्याची सोय उरली नाही आणि त्या निर्वेधपणे सुधारत गेल्या. असा गृहस्थ भेटला की २००८चा माणूस आपली तारीख सांगतो, समोरचा ती ऐकून घेतो आणि ‘अच्छा, म्हणजे अलीकडेच’ एवढेच म्हणतो. मराठी संगीतविश्वात याहून संक्षिप्त पाणउतारा शोधून सापडणार नाही.

या माणसाचे खरे दर्शन घडते ते मात्र आवडत्या बँडच्या कार्यक्रमात नव्हे, तर न आवडत्या बँडच्या कार्यक्रमात, आणि २२ सप्टेंबर २०२४ हा दिवस या दृष्टीने अभ्यासकांना उपकारक ठरला. लंडनच्या कोल्डप्ले या बँडच्या जानेवारी २०२५ मधील कार्यक्रमांची तिकिटे त्या रविवारी दुपारी बारा वाजता विक्रीला खुली झाली. कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८ आणि १९ तारखेला होणार होते. मागणी पाहून २१ तारीख वाढवावी लागली. तिकिटे अडीच हजार रुपयांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. २००८च्या माणसाचे कोल्डप्लेविषयीचे मत आधीपासून तयार होते: हे रॉक नव्हेच. पियानो वाजवणारा, प्रेक्षकांवर प्रेम असल्याचे वारंवार सांगणारा आणि मंचावर रंगीत फुगे सोडू देणारा गायक ज्या बँडला लागतो त्याला रॉक बँड म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर, असे तो त्या रविवारी सकाळी पोहे खाताना म्हणाला होता. आणि पावणेबारा वाजता तो लॅपटॉप, स्वतःचा मोबाइल आणि पत्नीचा मोबाइल अशी तीन यंत्रे जेवणाच्या टेबलावर मांडून बसलेला होता. विचारणा झाल्यास हे सारे मुलीसाठी आहे असे उत्तर सिद्ध होते. मुलगी तिच्या खोलीत चौथ्या यंत्रासह बसलेली होती.

आभासी रांग हा प्रकार येथे समजावून सांगणे आवश्यक आहे. एकाच क्षणी असंख्य लोक संकेतस्थळावर आले की यंत्रणा कोलमडू नये म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक देऊन ताटकळत ठेवले जाते आणि आपल्या पुढे किती माणसे आहेत हा आकडा पडद्यावर दाखवला जातो. शिधावाटप दुकानाच्या रांगेत वाढलेल्या पिढीला रांग नवी नाही, पण त्या रांगेत पुढच्या माणसाची पाठ दिसत असे, त्याच्याशी भांडता येत असे आणि मधे घुसणाऱ्याला हटकता येत असे. या रांगेत फक्त आकडा असतो, आणि तो अनेकांच्या नशिबी लाखांत आला. २००८च्या माणसाने या प्रसंगी जे भाषण केले ते त्या दिवशी शेकडो घरांत थोड्या फरकाने झाले असावे. त्याचा आशय असा, की त्या काळी तिकीट म्हणजे कागद असे, मित्र जाऊन सगळ्यांसाठी घेऊन येई, तो कागद पाकिटात वर्षानुवर्षे राही आणि त्यावरची शाई उडून गेली तरी तो दाखवता येई. मुलीने त्या कागदाबद्दल विचारले तेव्हा तो पाकिटासकट लोकलमध्ये मारला गेल्याचे सांगण्यात आले. पुराव्याची अशी हानी या वर्गात इतक्या सातत्याने आढळते, की मुंबईचे पाकीटमार रॉक संगीताचे संग्राहक असावेत असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

तिकिटे मिळाली, कशी, हा भाग रोचक नाही आणि त्यातील आर्थिक तपशील पत्नीलाही सांगितलेला नाही. त्यानंतरचे चार महिने तयारीत गेले. कोल्डप्लेविषयी तुच्छता बाळगणाऱ्या या गृहस्थाने दौऱ्यातील आधीच्या गावांची सेटलिस्ट मिळवली. सेटलिस्ट म्हणजे एखाद्या कार्यक्रमात कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजवली याची यादी. चाहते ती प्रत्येक कार्यक्रमानंतर प्रसिद्ध करतात, आणि मोठे बँड दौऱ्यात गाण्यांचा क्रम फारसा बदलत नसल्यामुळे पुढच्या गावातील माणसाला काय ऐकायला मिळणार हे बरेचसे आधीच कळते. आश्चर्याचा असा पूर्ण बंदोबस्त करून मगच कार्यक्रमाला जाणे हे त्याला अभ्यासूपणाचे लक्षण वाटते. शास्त्रीय मैफलीत गायक आयत्या वेळी कोणता राग काढील याची जी उत्कंठा असे तिचे काय, हा प्रश्न त्याच्या वडिलांनी एकदा विचारला होता. त्याला उत्तर मिळालेले नाही.

पोशाखाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो. काळा टी-शर्ट निर्विवाद असतो, परंतु त्यावर कोणाचे नाव असावे याविषयी या संप्रदायात कडक सोवळे आहे: ज्या बँडचा कार्यक्रम त्याच बँडचा, त्याच दिवशी दारात विकत घेतलेला टी-शर्ट तिथल्या तिथे अंगात घालणे हे नवशिक्याचे लक्षण, त्याच बँडचा परंतु जुन्या दौऱ्याचा, पाठीवर गावांची आणि तारखांची यादी छापलेला टी-शर्ट घालणे हे मध्यम प्रतीचे, आणि भलत्याच, अधिक उग्र बँडचा विटलेला टी-शर्ट घालून येणे हे सर्वोत्तम. २००८चा माणूस अर्थातच आयर्न मेडनचा टी-शर्ट काढतो, ज्यावर एडी हा त्या बँडचा सांगाड्याच्या तोंडाचा शुभंकर दात विचकून उभा असतो. सतरा वर्षांत वस्त्राचा आकार तोच राहिलेला आणि धारकाचा तसा राहिलेला नसल्यामुळे एडीचा चेहरा आडवा ताणला जाऊन त्याच्यावर काहीसे समाधानी, दुपारचे जेवण झालेल्या माणसाचे भाव आलेले असतात. खिशात गुडघ्याचा पट्टा, आम्लपित्ताची गोळी आणि कानात घालायचे बोळे असतात. हे बोळे आवाजाची पातळी उतरवतात पण गाणे गढूळ करत नाहीत असे तो समजावून सांगतो, आणि तेवढ्या तीव्रतेच्या ध्वनीत तासन्‌तास राहिल्याने श्रवणशक्तीला खरोखरच इजा होत असल्यामुळे या एका बाबतीत त्याचे ऐकावे.

कार्यक्रमाच्या जागेविषयी त्याची तक्रार मूलभूत स्वरूपाची असते. अरीना म्हणजे चारही बाजूंनी चढत्या आसनांनी वेढलेले छत असलेले प्रचंड सभागृह. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन किंवा लंडनचे ओटू यांत वीस हजारांच्या आसपास माणसे बसतात, आणि अमेरिकेत १९७०च्या दशकात रॉक संगीत अशा इमारतींतच पोसले गेले, इतके की हजारो लोकांना एकाच वेळी हात वर करून म्हणता येईल अशा सोप्या, भव्य धृपदांच्या गाण्यांना अरीना रॉक असे नावच पडले. भारतात अशी सभागृहे नगण्य. वरळीचा डोम हा मुंबईचा त्यातल्या त्यात मोठा दिलासा, पण तोही या मापाने लहानच. म्हणून येथे रॉक बँड क्रिकेटच्या मैदानात, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात किंवा सरकारी प्रदर्शनाच्या मैदानात गातात. रोलिंग स्टोन्स २००३ साली ब्रेबोर्नवर गायले, यू टू २०१९च्या डिसेंबरात याच नेरूळच्या स्टेडियमवर, गन्स अँड रोझेस २०२५च्या मेमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. जेथे सचिन तेंडुलकर खेळला त्या मैदानात गिटार ऐकण्यात २००८च्या माणसाला कमीपणा वाटत नाही, उलट दोन्ही श्रद्धास्थाने एका तिकिटात पाहिल्याचे समाधान मिळते. पण तक्रार करणे हे जाणकाराचे कर्तव्य असल्याने तो ती करतो.

मैदानात शिरल्यावर सर्व लोक मंचाकडे धावतात आणि तो पाठ फिरवून उलट दिशेला चालू लागतो. ही त्याच्या ज्ञानाची सर्वांत दृश्य खूण आहे. मैदानाच्या साधारण मध्यावर एक उंच चौथरा असतो, जेथे ध्वनिनियंत्रक आपल्या बटनांच्या टेबलामागे बसून प्रत्येक वाद्याचा आवाज कमीजास्त करत असतो. तो जे ऐकतो त्याप्रमाणे सारे जुळवतो, म्हणून त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत शुद्ध मिश्रण ऐकू येते. हे तत्त्व खरे आहे. ते कळल्यामुळे २००८च्या माणसाला गायक अंगठ्याएवढा दिसतो, हे त्याची मुलगी निदर्शनास आणून देते, तेव्हा ‘बघायला आलोय की ऐकायला?’ असा प्रतिप्रश्न येतो. मुलगी बघायला आलेली असते. ती पुढे निघून जाते आणि येथून तिचा बाप अनोळखी श्रोत्यांच्या शोधात मोकळा होतो.

सावज सापडताच व्याख्यान सुरू होते आणि निष्पक्षपणे सांगायचे तर ते ऐकण्यासारखे असते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स गायले तेव्हा ५५,६०० प्रेक्षक होते आणि आवाजासाठी व्यवस्था होती ती मुख्यतः बेसबॉलचा धावफलक पुकारण्याची. किंकाळ्यांच्या गदारोळात प्रेक्षकांनाच काय, वादकांनाही स्वतःचे वादन धड ऐकू येत नव्हते. त्यानंतर १९७४ साली ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने मंचामागे सुमारे पंचाहत्तर टन वजनाची ध्वनिवर्धकांची भिंतच उभारली, जी इतकी उत्तम वाजे आणि हलवायला इतकी महाग पडे की त्याच वर्षी तिचा नाद सोडावा लागला. आज मंचाच्या दोन बाजूंना केळीच्या घडासारख्या लोंबणाऱ्या ज्या वक्र माळा दिसतात त्यांचे श्रेय १९९०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील क्रिस्तियान हाइल या भौतिकशास्त्रज्ञाने घडवलेल्या रचनेला जाते. एकावर एक टांगलेली ही कपाटे मिळून जणू एकच उभा स्रोत असल्याप्रमाणे वागतात आणि आवाज वर आकाशात किंवा खाली जमिनीत न सांडता समोरच्या माणसांवरच पाडतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्याला टाळी दिसल्यानंतर जवळपास एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येते. म्हणून मैदानाच्या मध्ये जे जादा मनोरे उभारतात त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला असता. एवढे सांगून तो थांबतो आणि समोरच्या तरुणाच्या चेहऱ्यावर आता पुढचा प्रश्न उमटेल, आणि त्या प्रश्नावरून वांद्रे-कुर्ला संकुल फार दूर नाही, अशी वाट पाहतो. तरुण अत्यंत नम्रपणे म्हणतो, ‘काका, जरा आमचा एक फोटो काढता का?’

‘काका’ या संबोधनाचा घाव खोल असतो. दुरुस्तीसाठी तो उजव्या हाताची तर्जनी आणि करंगळी ताठ करून मधली दोन बोटे अंगठ्याखाली दाबलेली मुद्रा उंचावतो, जी जगभरच्या हेवी मेटल समाजात ओळखीची खूण मानली जाते आणि जिच्यात बाहेरच्यांना सैतानाची शिंगे दिसतात. ही मुद्रा रूढ केली ती ब्लॅक सबाथमध्ये गायलेल्या रॉनी जेम्स डिओ याने, आणि त्याने ती आपल्या इटालियन आजीकडून उचलली होती, जी रस्त्यात कोणाची नजर लागू नये म्हणून तशी बोटे करत असे. म्हणजे ज्या खुणेने सज्जन पालक चार दशके हादरले तिचा हेतू मीठ-मोहऱ्या ओवाळण्यापेक्षा निराळा नव्हता. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात मात्र ही मुद्रा कोणी करत नाही. तेथे लोक दोन्ही हातांनी बदाम करतात. त्यामुळे चाळीस-पन्नास हजारांच्या गर्दीत दृष्ट काढणारा तो एकटाच उरतो.

प्रवेशद्वारावर प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधलेला असतो, ज्यातील दिवे दूरस्थ संदेशांनी नियंत्रित होऊन गाण्याबरोबर सबंध मैदानभर एकाच वेळी रंग बदलतात. प्रेक्षकांनाच रोषणाईचा भाग बनवण्याची ही युक्ती कोल्डप्लेने २०१२च्या दौऱ्यापासून रूढ केली, आणि आता हे पट्टे वनस्पतिजन्य द्रव्याचे असून कार्यक्रमानंतर परत करायचे असतात. २००८च्या माणसाने पट्टा घेतानाच आपला सैद्धांतिक विरोध नोंदवून तो खिशात टाकलेला असतो. बोलण्याच्या भरात त्याला कळत नाही, पण संध्याकाळभर त्याच्या पँटचा उजवा खिसा मैदानाशी इमान राखून आधी पिवळा, मग निळा, मग गुलाबी होत राहतो.

पिवळ्या रंगाचे गाणे, म्हणजे २००० साली आलेल्या पॅराशूट्स या पहिल्या अल्बममधील ‘यलो’, हा त्याच्या भूमिकेतील कठीण प्रसंग होय. पहिला अल्बम चांगला होता, पुढे बिघडले, हे सूत्र जाणकार जगातील प्रत्येक बँडला लावतात, त्यामुळे हे गाणे आवडण्यास शास्त्राची परवानगी असते. तरीही ते आवडताना आपण दिसू नये याची दक्षता घ्यावी लागते. २००० साली हा माणूस शेवटच्या वर्षाला होता, संगीतवाहिन्यांवर ते गाणे दिवसातून कितीदा लागे आणि ते कोणाच्या घरी, कोणाच्या शेजारी बसून पाहिले जाई, हे सर्व व्याख्यानात कधीच आलेले नाही. गाणे सुरू होते. त्याचे मत हाताची घडी घालून उभे राहते आणि ओठ मात्र शब्द न शब्द बरोबर म्हणू लागतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाजही फुटलेला असतो, किंचित बेसूर, पण इतक्या मोठ्या मैदानात बेसूर असणे हा लोकशाही हक्क आहे. मघाचा तरुण वळून पाहतो. हा गृहस्थ तत्काळ ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाकडे रोखून पाहू लागतो आणि बेसचा आवाज थोडा जास्त असल्याचे सांगतो.

कार्यक्रम दहाच्या सुमारास संपतो, कारण ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे आणि सवलतीचे मोजके दिवस सण-उत्सवांच्या वाट्याला जातात. याच नियमांनी सवाई गंधर्वच्या पहाटेपर्यंतच्या मैफलींवर गदा आली होती, तेव्हा वडील घरी सकाळ-संध्याकाळ सरकारला बोलत आणि मुलगा मनातून खूश होत असे. आता सरकारला बोलण्याची पाळी मुलाची असते आणि या मुद्द्यावर दोघांचे प्रथमच एकमत होते. शेवटी बँड निरोप घेऊन आत जातो, लोक ओरडतात आणि बँड परत येऊन आणखी दोन-तीन गाणी गातो. या प्रथेला एन्कोअर म्हणतात. ती वरकरणी आपल्या वन्स मोअरची बहीण वाटते, परंतु वन्स मोअर देणारा प्रेक्षक नटाला खरोखर वेठीला धरत असे आणि तेच पद पुन्हा म्हणायला लावत असे, तर एन्कोअरची गाणी सेटलिस्टमध्ये आधीपासून लिहिलेली असतात आणि आत गेलेला गायक पाणी पिऊन परत येणार हे सर्वांना ठाऊक असते. २००८चा माणूस हे शेजाऱ्याला समजावतो. समजावून झाल्यावर तोही इतरांइतक्याच जोराने ओरडतो.

नेरूळ स्थानकावरची गर्दी हे या संध्याकाळचे शेवटचे आणि सर्वांत प्रामाणिक प्रेक्षागृह असते. हार्बरने मुंबईकडे जाणारे आणि ट्रान्सहार्बरने ठाण्याकडे जाणारे असे दोन जनसमुदाय एकमेकांना ढकलत उभे असतात, मुलगी अर्धवट बसलेल्या आवाजात मैत्रिणींना ध्वनिमुद्रित संदेश पाठवत असते आणि बापाला अभिप्राय विचारला जातो. ‘साउंड ठीक होता,’ तो म्हणतो. हा या वर्गाचा सर्वोच्च शेरा असून त्यापुढे स्तुती गेल्याची नोंद नाही.

याच क्षणी त्याची नजर फलाटावर थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या, पोट आत घेण्याचा प्रयत्न सोडून दिलेल्या एका समवयस्काच्या छातीवर जाते, जेथे दुसरा एक एडी तितक्याच तृप्तपणे आडवा झालेला असतो. दोघे जवळ येतात. नावे विचारली जात नाहीत. ‘बीकेसी?’ असा एकच शब्द उच्चारला जातो आणि मान डोलते. वास्तविक येथे आनंदाला पारावार उरू नये, पण गैरहजर श्रोत्याची सवय लागलेल्या दोन माणसांना हजर साक्षीदार मिळणे ही मोठी अडचण असते, म्हणून लगेच उलटतपासणी सुरू होते. सुरुवात कशाने झाली होती? चर्चिलच्या भाषणाची ध्वनिफीत, मग ‘एसेस हाय’, पहिला म्हणतो, आणि हे बरोबर असते. मंचाच्या कोणत्या बाजूला होता? दुसरा डावी सांगतो. पहिल्याच्या मते डाव्या बाजूला खांब होता आणि तेथून काहीच दिसत नव्हते. दुसरा म्हणतो की खांब उजवीकडे होता, शिवाय आपण एक वर्ष आधी, १७ मार्च २००७ रोजी, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवरही होतो. पहिल्याचा चेहरा पडतो. तो मोबाइल काढून खांबाचे छायाचित्र शोधू लागतो, दुसरा चष्मा चढवून त्याच्या खांद्यावरून पाहू लागतो, ठाण्याची गाडी येते, मुलगी दोनदा हाक मारून डब्यात चढते आणि दारातून ओरडते, ‘बाबा, शेवटची आहे!’ गाडी हलते तेव्हा दोघांचे एवढ्यावर एकमत झालेले असते, की खांब एक नसून दोन असावेत.